मनोऱ्यातली तिसरी घंटा

"चौधरी, तुमच्या फैजपूरच्या देवळात घंटा कोलांट्या मारते का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग इथलीच का मारते?"

आम्ही चर्चच्या मनोऱ्यात, तीन घंटांच्या खाली उभे होतो. मे महिना होता आणि आत भट्टी लागली होती. साहेब म्हणजे आमचे डिव्हिजनल इंजिनियर. जंक्शनचं नाव लिहीत नाही, कारण साहेबांची मुलं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. तापीकाठचं एक जंक्शन, साल सत्तरच्या आसपासचं, एवढं पुरे. मी तिथे आय.ओ.डब्ल्यू. होतो, म्हणजे इन्स्पेक्टर ऑफ वर्क्स. "रेल्वेच्या इमारतींचा डॉक्टर," असं मी सासुरवाडीला सांगायचो. प्रत्यक्षात गळके नळ, तुंबलेले संडास आणि वर्षाकाठी चुना. गोऱ्या ड्रायव्हर-गार्डांसाठी बांधलेलं हे जुनं चर्चही माझ्याच गळ्यात होतं.

घंटांचा इतिहास कॉलनीत ज्याचा त्याचा वेगळा होता. इंजिनाची जुनी बेअरिंगं वितळवून त्या ओतल्या, असं लोकोशेडवाले शपथेवर सांगत. कोणी म्हणे त्यात चांदी आहे. जळगावच्या एका शेठजींनी तर मला सोन्याबद्दल विचारलं होतं, तेही हळू आवाजात. खरी गोष्ट फक्त वॉल्टर अंकलना ठाऊक होती, आणि बहुधा म्हणूनच त्यांना कोणी विचारत नसे.

वॉल्टर अंकल मेलवरचे रिटायर्ड ड्रायव्हर. अँग्लो-इंडियन. घंटा वाजवायचं काम त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आलेलं. त्यांनी सांगितलेली हकिगत साधी होती. जुन्या ड्रायव्हरांनी पगारातून वर्गणी काढली, विलायतेहून घंटा मागवल्या, बोटीनं मुंबईला आणि तिथून मालगाडीनं इथे आणल्या. त्यांना नावंही ड्रायव्हरांनीच दिली. मोठी मेल, मधली पॅसेंजर, धाकटी शटल. वाजताना आधी शटल, मग पॅसेंजर, शेवटी मेल. शटलला मेलच्या आधी सिग्नल मिळण्याचं अख्ख्या रेल्वेतलं हे एकमेव ठिकाण असावं.

आता कोलांट्यांबद्दल. आपल्याकडे घंटा जागची हलत नाही. आतला लोलक, म्हणजे तो लोखंडी गोळा, आपण हलवतो आणि ती वाजते. विलायती पद्धत उलटी. घंटा एका आडव्या दांड्याला पक्की बसवलेली असते. दांड्याला मोठं लाकडी चाक, चाकावरून दोर खाली आलेला. दोर ओढला की अख्खी घंटा झुलते आणि लोलक तिला स्पर्श करून लगेच मागे सरतो. मागे सरतो म्हणून धातू मोकळेपणी गुंजत राहतो. हे मला अंकलनी शिकवलं होतं.

साहेबांना शिकवण्याची सोय नव्हती. आदल्या रविवारी घंटा वाजत असताना मनोऱ्याचं मूठभर प्लास्टर नेमकं त्यांच्या मिसेसच्या पुढ्यात पडलं होतं. त्या दिवसापासून मनोरा धोकादायक ठरला.

मी सोनगीरच्या सखाराम नानांना वर चढवलं. नाना आमच्याकडचे सुतार मिस्त्री. त्यांनी घंटा टांगलेला लाकडी सांगाडा ठोकून पाहिला आणि वरूनच ओरडले, "भाऊ, लाकूड बठ्ठं चांगलं शे! बोल्ट ढिला व्हई गयात. उन्हाळामा लाकूड आखडस, मंग बोल्ट खेळतस."

म्हणजे लाकूड शाबूत होतं, ढिल्या बोल्टांमुळे सांगाडा मनोऱ्याच्या भिंतींना हिसके देत होता. दर उन्हाळ्यात बोल्ट आवळायचे, एवढाच इलाज. पूर्वी घंटा वाजवणारे लोक ते स्वतःच करत. मग ते एकेक करून ऑस्ट्रेलियाला गेले आणि पाना हातात घ्यायला कोणी उरलं नाही. हे मी साहेबांना सांगितलं.

"बोल्ट आवळणं म्हणजे तात्पुरती मलमपट्टी," साहेब म्हणाले. "मला पर्मनंट सोल्यूशन हवं. घंटा लोखंडी अँगलनं जखडून टाका. लोलकाला दोर बांधा. आपली भारतीय पद्धत. हेडक्वार्टरला इम्प्रूव्हमेंट म्हणून कळवता येईल. शुक्रवारपर्यंत तिन्ही."

शनिवारी अंकलच्या मुलीचं, डोरीनचं लग्न होतं. लग्न लागलं की ती नवऱ्याबरोबर पर्थला जाणार होती. अंकल बायकोची कबर सोडून कुठे जाणार नव्हते. कॉलनीतल्या प्रत्येक लग्नाला त्यांनी घंटा वाजवल्या होत्या. घरचं हे एकच लग्न, आणि तेही निरोपाचं.

बातमी कळताच ते सायकल मारत माझ्या ऑफिसात आले. घामानं निथळत होते.

"चौधरी मॅन, बेल को झुलाना मंगता, मारना नहीं! दोर से मारेगा तो लोलक चिपक के रहेगा. क्रॅक हो जाएगा!"

"अंकल, ऑर्डर आहे."

"तुम्हारा साहब कभी बेल बजाया है?"

"साहेबांनी आजवर फक्त टेबलावरची बेल वाजवली आहे," मी म्हणालो. अंकल हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

साहेबांपुढे युक्तिवाद चालत नाही, पण 'ट्रायल' हा शब्द चालतो. ट्रायल म्हटलं की साहेबाला आपण शास्त्रज्ञ असल्यासारखं वाटतं. मी गेलो आणि म्हणालो, "साहेब, आधी धाकटीवर ट्रायल घेऊ. आपल्याच हस्ते." शेवटचे दोन शब्द कामी आले.

गुरुवारी संध्याकाळी शटल जखडली गेली. साहेब मिसेसना घेऊन आले. बूट काढायला निघाले होते, मग चर्च आहे हे लक्षात आलं. त्यांनी दोर धरला आणि डोळे मिटून एक ठोका दिला. छान आवाज आला. "बघा!" साहेब म्हणाले. मिसेस म्हणाल्या, "बंगल्यापर्यंत नाही हो ऐकू जायचं." मग साहेबांनी दोर दोन्ही हातांनी धरला आणि सारं वजन टाकून हिसडे दिले. तीन-चार ठोके झाले असतील. पुढचा ठोका रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर काठी मारावी तसा आला.

वरून नानांचा आवाज आला, "गयी भाऊ. फुटी गयी."

साहेबांनी दोर अलगद सोडला. "चौधरी, आवाज थोडा बदलला का?"

"थोडा बदलला साहेब."

"उन्हामुळे असेल."

"असेल साहेब."

अंकल दाराशी उभे होते. ते आत आले, फुटक्या शटलचा दोर नीट गुंडाळला आणि खुंटीला अडकवला.

जाताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "उरलेल्या दोन आहेत तशाच राहू देत. जुन्या वस्तूंना उगाच हात लावू नये, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे." पर्मनंट सोल्यूशन असं संपलं. शुक्रवारी नानांनी सगळे बोल्ट आवळले, पाचरी ठोकल्या. मनोरा हलायचा थांबला.

शनिवारी अंकलनी मुलीचा हात जावयाच्या हाती दिला आणि कोट काढून सरळ मनोऱ्यात आले. मेलचा दोर त्यांच्याकडे, पॅसेंजरचा नानांकडे. दोनच घंटा उरल्या होत्या, एकीमागून एक वाजवल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. पण अंकलनी दर फेरीला आधी शटलची जागा रिकामी सोडली. तेवढा वेळ थांबायचं, मग पॅसेंजर, मग मेल. बाहेर डोरीन गाडीत बसली तरी ते थांबले नाहीत. रडत होते आणि ताल सुटत नव्हता. नानाही डोळे पुसत होते, आणि मी प्लास्टर बघण्याचं नाटक करत होतो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या वर्षी चर्चचा वर्धापनदिन आला आणि साहेबांनी पुढाकार घेतला. मनोऱ्याच्या दाराशी संगमरवरी पाटी बसवली. तीन घंटांचा संक्षिप्त इतिहास, खाली साहेबांचं नाव. मजकूर साहेबांचाच. पाटी म्हणत होती की धाकटी घंटा विलायतेहून येताना बोटीतच तडकली, पण त्या काळच्या कर्मचाऱ्यांनी ती श्रद्धेनं तशीच वापरली.

समारंभाला अंकलना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पडदा सरला. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली, दोनदा वाचली, आणि माझ्याकडे वळले.

"चौधरी मॅन, मेरा फादर... और मैं... पूरा टाइम फूटा हुआ बेल बजाया?"

तेवढ्यात साहेबांनी त्यांना फोटोसाठी बोलावलं. अंकल फोटोला उभे राहिले, चहा न घेता घरी गेले. त्यानंतर त्यांनी दोर हातात धरला नाही.

मी रिटायर होईपर्यंत दर उन्हाळ्यात बोल्ट आवळून घेतले. मेल आणि पॅसेंजर अजून ठणठणीत आहेत. वाजवणारं कोणी नाही. परवा एक प्राध्यापक त्या पाटीवरून संशोधनासाठी टिपण काढत होते. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याला काही आधार?"

आधार संगमरवरात होता, आणि त्याच्याखाली सही होती. तेव्हापासून कुठल्याही जुन्या वास्तूचा इतिहास मी खालून वर वाचतो. आधी साहेबांचं नाव, मग मजकूर.