गाळातली ओटी

माझ्या हातची ओटी देवी घेते की नाही, हे देवीला कोणी विचारलेच नव्हते. माणसांनी ते परस्पर ठरवून टाकले होते. पती गेल्यानंतरच्या पहिल्या नवरात्रात थोरल्या जाऊबाईंनी देवळाच्या पायरीवर माझ्या हातातले ताट अलगद काढून घेतले. म्हणाल्या, "तू निस्ता नमस्कार कर गं. ओटी मी भरते." आवाजात राग नव्हता, मायाच होती, म्हणून भांडताही आले नाही. ओल्या शेवंतीचा वास, धुपाचा निळसर पडदा, घंटेची थरथर, सारे नेहमीसारखे होते. त्या दिवसापासून मी हात जोडणे सोडले. मनात देवीला एवढेच म्हणाले, तुला माझी ओटी नको असेल तर तू सांग. यांच्या तोंडून मी ऐकणार नाही.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. आहेत ते धरणांचे काठ. पण माकणीच्या धरणावर वारा सुटला की लाटा खडकावर अशा फुटतात, की डोळे मिटून ऐकणाऱ्याने मीठ चाखण्यासाठी ओठांवरून जीभ फिरवावी. माझ्या सासरचे जुने गाव याच पाण्याखाली गेले. नव्या गावठाणात संगमरवरी मूर्ती बसली, देवीचा मूळचा शेंदूर माखलेला पाषाण, तिचा तांदळा, मात्र हलवायचा नाही म्हणून जुन्या देवळातच राहिला. वैशाखात पाणी मागे सरले की ते देऊळ उघडे पडते. तेथे पुजारी नाही, रांग नाही, ताट काढून घेणारे हात नाहीत. मी ठरवले, तिथेच जायचे आणि तिची ओटी माझ्या हातांनी भरायची.

शनिवारी सकाळी आम्ही तिघी मैत्रिणी पाठीवर तंबू आणि अंथरूण घेऊन काठाकाठाने निघालो. संघमित्रा माझ्याच शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "तुझी देवी मी मानत न्हाय. पण तुझा हट्ट मानते, म्हणून आले." बँकेत नोकरी करणारी सुनंदा लगेच म्हणाली, "आणि मी तुमच्या दोघींच्या वादात निवांत भाकरी खायला आले." माझ्या पिशवीत तांदूळ, नारळ आणि हिरवे इरकली लुगडे होते. त्याची घडी मी मोडली नव्हती. देवीला कोरेच वस्त्र लागते. दिवसभर बाभळींच्या विरळ सावलीतून, शेवाळाच्या आणि मासळीच्या उग्र वासातून चाललो. संध्याकाळी खडकाळ टेकाडावर तंबू ठोकला. पाणी आधी तांबूस झाले, मग जांभळे, मग नुसता आवाज उरले.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा देवळाचा कळस समोर होता. मध्ये वाळलेल्या गाळाचे मैदान होते, भेगाभेगांनी चिरलेले. आम्ही तिघीही काळ्या रानात वाढलेल्या. उन्हाळ्यात अशा भेगा पडल्या की त्यांवरून भरली बैलगाडी जाते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. त्या भरवशावर मी वळसा टाळून सरळ निघाले. धरणाच्या गाळाला शेताचा नियम लागू नसतो, हे चौदा-पंधरा पावलांनंतर कळले. पापडासारखा थर फुटला आणि मी मांड्यांपर्यंत आत गेले. खालचा चिखल गार होता, दाट होता, आणि पाय हलवावा तसा अधिक ओढत होता.

मी पिशवी मागे भिरकावली. संघमित्राने तंबूच्या दोऱ्या टाकल्या, त्या तुटल्या. "हलू नकोस!" म्हणून ओरडणाऱ्या सुनंदाचा आवाज मध्येच फाटला. चिखल कमरेला लागला. भीती वाटली, आणि तिच्याहून मोठा संताप आला. मी देवळाकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "नको असेल तर नको म्हण! पण असं निम्म्यात धरून ठेवू नकोस!"

तेवढ्यात काठावरून एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडे, लेकीच्या गावाला निघालेली. तिने गाठोडे उतरवले आणि विचारले, "लुगडं न्हाय का गं एखादं पिशवीत?"

"आहे," मी म्हणाले, "पण ते देवीचं आहे."

"मग वढू द्या की देवीला!"

घडी मोडली. चिखलावर अंथरुणे पसरून संघमित्रा पालथी सरकली आणि पदराचे टोक तिने माझ्या काखांखालून बांधले. तिघींनी ओढले. इरकलीचे सूत करकरले, पण तुटले नाही. मी पोटावर घसरत बाहेर आले तेव्हा दोन्ही चपला गाळाने ठेवून घेतल्या होत्या.

म्हातारीची वाट देवळावरूनच जात होती. खडकाच्या कडेने तिने आम्हाला नेले. तांदळ्यावर वाळक्या शेवाळाची जाळी होती. मी थबकले. म्हणाले, "आजी, लुगडं कोरं राहिलं नाही. आणि मी विधवा आहे."

"वर वढताना इचारलं व्हय म्या, तू कोण म्हणून? भर गुमान."

मी ते चिखलाने जडावलेले लुगडे देवीपुढे ठेवले, नारळ ठेवला, ओंजळ भरून तांदूळ घातले. नंतर म्हातारीने त्यातलीच मूठ उचलली आणि म्हणाली, "धर पदर." मला पदर नव्हता. मी शर्टाचा घोळ पुढे केला. तांदूळ त्यात पडले, आणि मी रडले. संघमित्राने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हात जोडून मान वर केली, तोवर म्हातारी वाटेला लागली होती.

घरी सारे सांगितले तेव्हा जाऊबाईंनी पहिला प्रश्न केला, "सवाष्ण होती का गं ती?"

मला सांगता आले नाही. तिच्या कपाळाकडे मी पाहिलेच नव्हते. या न पाहण्याबद्दल मी देवीची सर्वांत अधिक ऋणी आहे. गाळात असताना मी ताकद लावणे सोडले आणि देह त्या लुगड्यावर टाकला, तेव्हाच वर आले. शरण जाणे म्हणजे काय, हे मला त्या क्षणी समजले. कोणाला शरण जायचे, हेही समजले. जाऊबाईंना मी म्हणाले, "देवीनं माझी ओटी घेतली. यंदा नवरात्रात ताट माझ्याच हातात राहील. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा."