नाकात न मावणारी खेळणी

रुपीताईला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर अठरा वर्षं ती अंगणवाडी चालवत होती. लहानग्यांसाठी ती घरचीच खेळणी मांडायची. परातीत नागली, सुपात वाल, टोपल्यात भाताचा तूस. पोरं मुठी भरभरून ओतायची आणि ती त्यांच्याभोवती घिरट्या घालायची.

गेल्या माघात पाड्यावरच्या गोदीच्या दोन वर्षांच्या लेकीनं, सपनानं, वालाचा दाणा नाकात कोंबला. रुपी तिला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत पळत गेली. जीप मिळाली, जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्यानं दाणा काढला. सपना जरा रडली आणि बिस्किट खाऊ लागली. रुपी मात्र परतीच्या वाटेवरही तिच्या नाकाकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सगळं धान्य डब्यांत गेलं, डबे वरच्या फळीवर. पोरं सतरंजीवर बसून भिंतीवरची चित्रं बघायची. रुपी घडोघडी उठून एकेकाचं नाक तपासायची. पुढं पुढं ती जवळ आली की पोरंच नाकावर हात धरू लागली.

एक दिवस गोदी दारात उभी राहिली.

"ताई, सपना घरी चिखलात लोळते, कणगीत हात घालते. इथं यायचं म्हटलं का रडते. इथं हात लावाया कायच नाय."

"आणि परत नाकात घातलं तर?" रुपीचा आवाज चढला.

"दाणा जातो नाकात. भोपळा जातो का?"

रुपीला रागही आला आणि हसूही. दोन दिवस तिनं घर पालथं घातलं. सुका भोपळा, घोसाळ्याची जाळी, मक्याची रिकामी कणसं, बांबूची रुंद कडी. प्रत्येक वस्तू ती आधी स्वतःच्या नाकाला लावून बघायची. नवरा, पांड्या, म्हणाला, "वेड लागलं काय तुला?" ती नागलीचं पीठ भिजवत होती.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत सपनानं त्या गोळ्यात आधी एक बोट खुपसलं, मग कोपरापर्यंत हात. चिकट पीठ तिनं रुपीच्या गालालाच फासलं. घमेल्यात दोन बोटं पाणी होतं. कमलेश नावाचा पोरगा त्यात भोपळा आपटत होता आणि रुपी घमेल्याला चिकटून बसली होती, पाय मात्र हलत होते.

भीती काही गेली नाही. जाणारही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच सपना पायरीवर बसलेली होती, आणि मागून गोदी धापा टाकत येत होती.