काडी बोलते

लेक मे महिन्यात हिमालयात ट्रेकला निघाली होती. तिच्यासाठी मी पिसांच्या दोन दुलया ऑनलाइन मागवल्या. एक ठेवायची, एक परत करायची. दोन्हींच्या लेबलांवर नुसते आकडे. त्यातलं मला ओ की ठो कळेना, म्हणून दोन्ही उचलून मिरकरवाड्याच्या रस्त्यावरच्या गादीवाल्याकडे गेलो. त्याच्या भुवयांवर कापूस बसला होता.

लेबलं त्याने पाहिलीच नाहीत. पहिल्या दुलईचा कोपरा कानाजवळ नेऊन चोळला आणि डोळे मिटले.

"ऐका."

बारीक कुरकुर येत होती.

"काड्या आहेत यात. पिसाची काडी बोलते. खालची मऊ लव असते ना, ती गप असते."

दुसरी गप होती. त्याने ती मुठीत दाबून सोडली, तशी ती सावकाश फुगून पुन्हा होती तेवढी झाली.

"पण ही फारच हलकी लागते हो," मी म्हणालो. "तिथे बर्फ असतो. एकुलती एक आहे."

उठून त्याने पंखा बंद केला, दुलई गळ्यापर्यंत लपेटली आणि गाद्यांच्या ढिगावर बसून राहिला. थोड्याच वेळात कानशिलांवरून घाम ओघळू लागला, भुवयांवरचा कापूस भिजला. तरी तो हलेना.

"तुम्ही थंडीत काय पांघरता?" मी ओशाळून विचारलं.

"काय नाय. पंखा बंद करतो."

मग दुलईची घडी माझ्या हातात देत, माझ्या तांबारलेल्या डोळ्यांकडे निरखून बघत म्हणाला, "हीच द्या. पोर झोपेल. आता तुम्ही पण झोपा."