सव्वासोळा की पावणेसतरा

"मायक्रोमीटर? तो तर मी झोपेत वाचतो," असं मी तळासरीच्या नविनभाईंना सांगितलं, आणि त्यातलं झोपेचं तेवढं खरं होतं. आयटीआयला मायक्रोमीटर शिकवला तेव्हा मी मागच्या बाकावर झोपलो होतो. पुढे डहाणू रोडला स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान टाकलं, ते बंद पडलं. चिकूचा टेम्पो चालवला, तो झाईच्या वळणावर वाडीत घातला. शेवटी अडतिसाव्या वर्षी आईच्या ट्रंकेतून आयटीआयचं सर्टिफिकेट बाहेर काढलं. नविनभाई पंपाच्या पिना बनवतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक रेघा दिसेनात, म्हणून पिना तपासणारा माणूस हवा होता. माझे डोळे चांगले होते. बाकीचं त्यांनी विचारलं नाही.

कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. पीन चिमट्यात धरायची, मूठ फिरवत न्यायची, टिकटिक वाजलं की थांबायचं. दांड्यावर वरच्या बाजूच्या रेघा मिलिमीटरच्या. फिरत्या मुठीवर पन्नास रेघा, एकेक शतांशाची. इथवर आलो आणि रेंज गेली. मला वाटलं, झालं की सगळं.

आणि महिनाभर झकास चाललंही. तेव्हा बारा दशांश वीसची एकच पीन निघायची. वर बारा, मुठीवर वीस. मी खिशाला पेन लावून, भुवया उंचावून "हं" म्हणायचो. लोक साहेब म्हणू लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ज्याने म्हटलं त्याने मला कुठे पाहिलं होतं देव जाणे.

तिथे जिवलीबाई होत्या. उधव्याच्या बाजूच्या पाड्यावरून यायच्या. घरी भात आणि नागलीची थोडी शेती. वर्कशॉपमध्ये सात वर्षं झाडू मारला, लेथखालचा लोखंडी भुगा भरला. लेथवर पिना कातणारा माणूस एक दिवस वापीला गेला तो आलाच नाही. तेव्हा बाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि मशीन चालू केलं. सात वर्षं नुसतं बघून त्यांना सगळं येत होतं. मीही आयटीआयला दोन वर्षं बघतच होतो, पण बहुधा खिडकीबाहेर. नविनभाई म्हणाले, "एक महिनो जोईशुं." महिनाभर पिना बरोबर निघाल्या तर लेथ त्यांचं, नाहीतर पुन्हा झाडू.

त्यांच्या वाट्याला नवी पीन आली, सोळा दशांश पंच्याहत्तरची. नविनभाईंनी नमुन्याच्या पिनेवरून, हाताच्या सवयीने मशीन बसवून दिलं. संध्याकाळपर्यंत बाईंनी साठ पिना काढल्या. मी मोजल्या. वर सोळा, मुठीवर पंचवीस. सोळा दशांश पंचवीस. साठच्या साठ अर्ध्या मिलिमीटरने बारीक! मी त्या सगळ्या बाद मालाच्या लाल क्रेटमध्ये ओतल्या, जरा जास्तच आवाज करत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"नमुना नि माझी पीन बोटाला सारखीच लागते, साहेब," त्या म्हणाल्या.

"बोटांना शतांश कळत नाही, बाई." हे वाक्य मला इतकं आवडलं की जेवणाच्या सुट्टीत मी ते पुन्हा एकदा म्हणालो. अर्धा मिलिमीटर म्हणजे पन्नास शतांश, तो कुणाच्याही बोटाला कळतो, हा हिशेब मला सुचला नाही.

शनिवारी नविनभाईंनी मान हलवली. "सोमवारपासून झाडू, जिवलीबेन." बाई हात पुसून माझ्या टेबलापाशी आल्या. "झाडू मारीन. पण माझी पीन कुठं चुकली ते माझ्या डोळ्यांनी बघू द्या. हे वाचायला शिकवा."

मला तर हेच हवं होतं. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला, अर्धा व्हिडिओ पूर्ण ऐटीत सांगितला. त्यांनी मायक्रोमीटर घेतला, आधी नमुन्याची पीन धरली, टिकटिक वाजेपर्यंत मूठ फिरवली आणि नखाने रेघा मोजायला लागल्या. "लाभ, दोन, तीन..."

"लाभ कसलं?"

"पहिल्या मापाला एक नाय म्हणायचं. लाभ म्हणायचं." पाड्यावर भात झोडून झालं की खळ्यावर पायलीने मोजायला जिवलीबाईंनाच बोलावतात, कारण त्यांचा हात कुणाचं जास्त भरत नाही, कुणाचं कमी. मी हसलो. त्या सोळापर्यंत आल्या. मुठीवर पंचवीस.

"नमुनापण सव्वासोळाच," त्या म्हणाल्या.

"झिजला असेल," मी म्हणालो. नाचता येईना, अंगण वाकडं.

त्यांनी मायक्रोमीटर उजेडात धरला. "आणि ही खालची रेघ?"

"खालची खालीच असते."

"नाय. सोळाच्या पुढं, मधोमध उघडी पडलीय. बाराच्या पिनेत ही झाकलेली होती, लादी पुसताना मी बघायची." मग त्यांनी मला विचारलं, रागाने नाही, खळ्यावर विचारतात तसं. "पायल्या भरून झाल्या आणि वर अधोली भरली, तर ती अर्धी पायलीपण भातच ना? ती कुणाच्या घरी गेली?"

रेंज गेल्यावरचा उरलेला व्हिडिओ मला त्या क्षणी दिसला. खालच्या रेघा अर्ध्याच्या. सोळा, वर अर्धा, वर पंचवीस शतांश. पावणेसतरा. तीन दिवसांच्या सगळ्या पिना बरोबर होत्या. इतकी लाज मला टेम्पो वाडीत घातला तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा नुकसान चिकूचं झालं होतं.

नविनभाई आमच्याकडेच येत होते. हत्यार बिघडलंय म्हणावं, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलंच. पण बाईंनी झाडू भिंतीपासून उचलून हातात घेतलेला होता. त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या, उत्तराची वाट बघत.

"पिना बरोबर आहेत," मी म्हणालो. "मला वाचता येत नाही."

नविनभाईंनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मला जमेल तेवढं निरखलं. "तो आखो महिनो तें शुं वांच्युं?" महिनाभर मग वाचलंस काय, असं ते विचारत होते. मी खिशाचं पेन काढून टेबलावर ठेवलं.

सोमवारी जिवलीबाई लेथवर उभ्या राहिल्या. झाडू रिकामा होता, तो माझ्याकडे आला. मलाही एक महिना. पिना आता त्याच तपासतात आणि रोज सुटायच्या आधी एक पीन माझ्या हातात ठेवतात.

काल दिली ती लाल क्रेटमधली होती, त्यांची अगदी पहिली, मी आवाज करत ओतलेली. मी मूठ फिरवली, टिकटिक ऐकली.

"लाभ, दोन, तीन..." सोळापर्यंत आलो.

"अधोली?"

"भरलीय."

"मग?"

"पावणेसतरा."

"बरोबर, साहेब," जिवलीबाई म्हणाल्या. "आता लेथखालचा भुगा तेवढा काढा."