इंदूची मुलगी

२००१ च्या मार्चमध्ये आंबा घाट उतरताना एसटीत मला उकाड्यापेक्षा धाकधूकच जास्त होती. मुलगी मस्कतला, दिवस भरत आलेले, आणि माझा पासपोर्ट अडलेला. सासरी मी वसुधा, शाळेच्या दप्तरी कुसुम. दोघी एकच, याचा कागद नागपुरात कुठेच नव्हता. म्हणून पहिलीच्या शाळेतला दाखला आणायला निघाले होते.

रत्नागिरीहून पावसची गाडी घेतली आणि घाईत एक थांबा आधीच उतरले. मग सड्यावरून (जांभ्या दगडाचं उघडं माळरान) अर्धा तास पायपीट. खाली आंब्याच्या बागा, पलीकडे समुद्र. सातव्या वर्षी आई गेल्यावर वडिलांनी मला इथून नेलं, ते कायमचंच. काहीच ओळखीचं वाटेना, याचं वाईट वाटलं.

शाळेचे हेडमास्तर भले. त्यांनी जुनं रजिस्टर शोधलं, नावही सापडलं. पण ही कुसुम म्हणजे तुम्हीच, हे सांगणारं गावातलं कुणी हवं, म्हणाले. आमच्या घराचा चौथरासुद्धा उरला नव्हता. रजिस्टर काखेत मारून ते मला जुन्या शेजारणीकडे, भागीरथीकाकूंकडे घेऊन गेले.

काकू पडवीत सुपारी सोलत होत्या. नजर अधू. मी सवयीनं सासरचं नाव, आडनाव सांगितलं. त्यांना काही उमगेना.

"अगो, कुणाची गो तू?" त्यांनी विचारलं.

"इंदूची," मी म्हटलं. कित्येक वर्षांत आईचं नाव तोंडी आलं नव्हतं.

त्यांनी सुपारी खाली ठेवून माझा हात धरला. आई आजारी असताना मला शाळेत त्यांनीच घातलं होतं. घरी सगळे मला नुसतं बाय म्हणत. मास्तरांनी नाव विचारल्यावर काकू गडबडल्या.

"मला मुलगी झाली असती तर कुसुम ठेवणार होते," त्या म्हणाल्या. "तेच सांगितलं. तुझ्या आयशीला आवडलं हो."

हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं. पालकाच्या रकान्यात काकूंचं नाव होतं, शेजारी अंगठा. हेडमास्तरांनी तिथेच दोन्ही नावांचा दाखला लिहायला घेतला. काकूंनी कुळथाची पिठी (पातळ पिठलं) आणि भात वाढला. बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

परतीच्या गाडीत वाटलं, एक नाव शेजारणीनं दिलं, एक सासरनं. माझं मी काहीच ठरवलं नव्हतं. तरी छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी विसरले ते गाव कुणीतरी माझ्यासाठी लक्षात ठेवलं होतं.

कोल्हापूरच्या स्टँडवरून मुलीला फोन लावला. व्हिसाच्या अर्जावर तुझं नाव काय घालू, तिनं विचारलं.

"दोन्ही घाल," मी म्हटलं.