घसरलेले अ‍ॅव्हरेज

निवृत्तीनंतर मी सर्जापूर रोडला मुलाकडे राहायला आलो. सून रोज गाडीने ऑफिसला जाते. संध्याकाळी ती घरात शिरली की मी दारातच विचारत असे, "आज अ‍ॅव्हरेज किती दाखवले?" गाडीच्या पडद्यावरचा तो आकडा सतत घसरत होता. आधी मला पेट्रोल पंपाचा संशय आला. मग वाटले, तळघरातल्या पार्किंगमध्ये कोणीतरी टाकीतून पेट्रोल काढत असावे.

शेवटी मी गाडी गॅरेजमध्ये नेली. कानडी मेकॅनिकने एंजिनात साचलेला कार्बन दाखवला आणि तो म्हणाला, "पेट्रोल कोणी चोरत नाही, सर. गाडी जागेवर उभी राहूनच स्वल्प जास्त चालते. एसी लावून कोण बसतं?"

संशय सुनेकडे वळला. तिच्या परतण्याच्या वेळी मी तळघरात खांबाआड उभा राहिलो. गाडी जागेवर लागली, पण एंजिन चालूच राहिले. ती डोळे मिटून आत बसली होती. बऱ्याच वेळाने ती फोनवर माझ्या मुलाशी बोलत उतरली.

"अरे, मी केव्हाची आलेय. पण वर बाबा दारात उभे असतात, अ‍ॅव्हरेज विचारायला. नापास व्हायला कोण धावत जाईल?"

ती लिफ्टने गेली. मी जिन्याने गेलो.

दुसऱ्या दिवसापासून त्या वेळी मी फिरायला बाहेर पडू लागलो. आकडा सुधारला असावा, असा माझा संशय आहे. विचारलेले नाही.