न उतरणारी कळ

सौसर तहसिलीत मोहगावच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांमधल्या एका खेड्यात शकुबाई राहते. वय सत्तरीला टेकलेलं. गाव तिला शकुमाय म्हणतं. सासूच्या हाताखाली ती सुईणपण शिकली आणि पंचवीसेक वर्षं तिने गावातली बहुतेक बाळंतपणं केली. मग एकोणीस वर्षांपूर्वी तिने घरी बाळंतपण करणं एकाएकी सोडलं. का, ते कोणी विचारलं नाही. आता सगळ्या दवाखान्यातच जातात, तेव्हा सोडलं असेल, असं लोकांनी धरलं.

पण कळा सुरू झाल्या की बायका अजूनही तिलाच बोलावतात. तिच्याकडे औषध नसतं. ती बाईला पाठीवर झोपू देत नाही, अंगणात चालवते. कळ आली की भिंतीला हात टेकवून वाकायला लावते आणि दोन्ही तळव्यांनी कमरेच्या खाली, माकडहाडाजवळ जोर देऊन दाबते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाठीवर ठेवते. "ओरडू नको, हुंकार दे," ती सांगते. "जबडा ढिला सोड. तोंड आवळलं का खालचंही आवळते." कळ गेली की दोन घोट पाणी, आणि पुन्हा चाल. मग दवाखान्याची वेळ झाली की गाडीत तीही बसते.

गेल्या कार्तिकात गावातल्या रजनीच्या सुनेचे दिवस भरले. तृप्ती तिचं नाव. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं. पोरगी शिकलेली, मोबाईलवर पाहून तिने ठरवलं होतं की दुखणं कमी करायची सुई घ्यायची नाही, शकुमायच्या हातानेच निभवायचं. महिनाभर ती रोज येऊन उकिडवं बसणं, श्वास सोडणं शिकली. शेवटच्या आठवड्यात तिची बोटं सुजली, अंगठी निघेना. डोकंही दुखत होतं.

"सिस्टरले दाखवलं का?" शकुबाईने विचारलं.

"सोमवारी जायचं हाय ना," तृप्ती म्हणाली.

रविवारी सकाळीच कळा सुरू झाल्या.

शकुबाई आली तेव्हा सारं ठीक होतं. कळ यायची, पोट दगड व्हायचं, मग सैल पडायचं. तृप्ती भिंतीला हात टेकून हुंकार द्यायची. तिचा नवरा शुभम गाडी अंगणात लावून बसला होता. दहाच्या सुमाराला पोरगी एकाएकी शांत झाली. हुंकार थांबला. डोळे मिटून ती खाटेच्या कडेला बसली.

"पाय, कशी निवली," रजनी खूश होऊन म्हणाली. "तुह्या हाताले यश हाय, शकुमाय."

शकुबाई खाटेजवळ वाकली. तिने तृप्तीच्या कपाळाला हात लावला. घाम गार होता.

"कळ गेली का, बेटा?"

"जाऊनच नाही राहिली," तृप्ती हळूच म्हणाली. "आता येतबी नाही, जातबी नाही. एकच हाय."

शकुबाईने तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि वाट पाहिली. पोट लाकडासारखं घट्ट होतं. ते सैल पडेल म्हणून ती थांबली. पडलं नाही. तृप्तीच्या कपड्यांवर रक्ताचा थेंब नव्हता. शकुबाईच्या हाताला मात्र हे पोट ओळखीचं होतं. तिने फडकं पाण्यात टाकलं.

"रजनी, हिले आत्ताच्या आत्ता सौसरले न्या."

"आत्ता? अवं, आताशी तर तिले आराम पडून राहिला. पहिलटकरीण हाय, सांजच होते. तिथं नेलं का चिरतेत पोट."

"हा आराम नोहे."

"मंग थोडं दाब ना अजून. पाठ शेक."

"माह्या हातानं हे उतरत नाही, रजनी."

"तुले कसं समजलं?"

शकुबाईने मान वर केली. तिथेच सांगावं लागणार होतं, दुसरी वाट नव्हती.

"चंचलचं पोट असंच झालतं," ती म्हणाली.

चंचल ही रजनीची धाकटी बहीण. दोघी एकाच गावात दिलेल्या. एकोणीस वर्षांपूर्वी चंचल बाळंतपणात गेली, पोटातल्या लेकरासकट. रक्त आतल्या आत गेलं, कोणाच्या हातात नव्हतं, असं शकुबाईनेच तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. रजनीने ते मानलं. सुनेचं दुखणं तिच्या हाती दिलं तेही त्यामुळेच.

"तू तं म्हणे..." रजनी म्हणाली.

"तिचं पोट सकाळीच लाकूड झालतं. मी दिवसभर शेकत राहिली. दाबत राहिली. मले वाटे, माह्या हातानं उतरन. आता विचारू नको. गाडी काढा."

रजनी जागची हलली नाही. शुभमने बायकोला उचललं आणि गाडीत निजवलं. मग रजनीही मागे बसली. शकुबाई तृप्तीला डाव्या कुशीवर धरून होती. पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते. एकदा तिने विचारलं, "माय, बाळ हलून नाही राहिलं का?" शकुबाईने शुभमला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात प्रतिभा सिस्टरने पोटाला हात लावला, ठोके ऐकले आणि धावतच डॉक्टरला बोलावलं. रक्तदाब वाढून आत वार गर्भाशयापासून सुटली होती, रक्त तिच्या मागे साचत होतं. पाऊण तासात ऑपरेशन झालं. मुलगी निघाली, निळी, न रडता. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तृप्तीला रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणी राहिली नसती, असं डॉक्टर म्हणाले. ते रजनीसमोरच म्हणाले.

नवव्या दिवशी मुलगी पेटीतून बाहेर आली. शुभम पेढे घेऊन शकुबाईकडे आला. रजनी आली नाही.

ती आली बाराव्या दिवशी, एकटी. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता तिने विचारलं, "चंचलचं पोट लाकूड झालं, तवा किती वाजले होते?"

"दहा-अकरा असन."

"आणि दवाखान्यात न्यायले जीप कवा सांगितली?"

"दिवस बुडताना."

रजनी हिशेब करत उभी राहिली. "मी आईले सांगणार हाय," ती शेवटी म्हणाली. "ती जिती हाय अजून."

"सांग."

आठवड्याने लोधीखेड्याहून, रजनीच्या माहेराहून, निरोप आला. म्हातारीने शकुबाईला बोलावलं होतं. शकुबाईचा मुलगा म्हणाला, जाऊ नको, ते लोक काही करतील. शकुबाई धुतलेलं लुगडं नेसली आणि सकाळच्या बसने गेली.

चंचलची आई खाटेवर होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. घरातली माणसं, त्यांच्यात रजनीही, दाराशी उभी राहिली, कोणी बस म्हटलं नाही. शकुबाई जमिनीवर बसली. तिला शिव्यांची अपेक्षा होती.

म्हातारीने एवढंच विचारलं, "शेवटी तिले दुखत होतं का? का तुह्या हातानं कमी झालतं?"

कमी झालं म्हणणं सोपं होतं. दारातली रजनी तिच्याकडे बघत होती.

"दुखत होतं," शकुबाई म्हणाली. "लय दुखत होतं. माह्या हातानं काहीच कमी झालं नाही."

म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. शकुबाई बसच्या वेळेपर्यंत तशीच जमिनीवर बसून राहिली. कोणी तिला ऊठ म्हटलं नाही, आणि ती उठून निघाली तेव्हा थांबही म्हटलं नाही.